पिनकुशनचे फूल आणि त्याला मानवणारी माती

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या संमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्हांला फार विचार करावा लागला नाही. आपल्या मुलींच्या वसतिगृहाची नवी इमारत यंदा पुरी झाली. इमारत सुरेख झाली आहे. परंतु तिच्यापुढील अंगण अद्याप विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळे आणि पायाच्या खोदाईतून निघालेला मुरूम यांनी भरलेले आहे. तेथे फुलबाग करावी असा मंडळाने ठराव केला, आणि तेथे राहणाऱ्या मुलींनी आपसांत विचार करून हिवाळ्यात पिनकुशनच्या फुलांचे वाफे करावेत अशी इच्छा कळविली. ठरावाच्या दुसऱ्या कलमान्वये चार ट्रक काळी माती विकत घेण्यासाठी रक्कम मंजूर झाली आहे. ही खरेदी अजून झालेली नाही. ती होण्यापूर्वी माती या विषयावर काही बोलणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. या सभागृहात कृषिशास्त्राचे पदवीधरही बसलेले आहेत, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु शाळेच्या बागेत मुलांकडून वाफे करवून घेण्याचे काम सदतीस वर्षे आमच्याकडे होते, आणि त्या काळात हाताखालून जी माती गेली, तिच्या आधारावर आम्ही बोलत आहोत.

प्रथम फुलाची ओळख करून देतो. शिंप्याच्या टेबलावर टाचण्या टोचून ठेवण्याची कापडाची लहानशी गोल उशी असते. तिला आपण सर्वजण पिनकुशन म्हणतो. हे फूल तसेच दिसते. वस्तुतः ते एक फूल नसून पुष्कळ बारीक फुलांचा दाट गुच्छ होय. कडेची फुले मोठी, मधली लहान, आणि त्यांतून वर डोकावणाऱ्या पुंकेसरांची टोके टाचणीच्या माथ्यासारखी भासतात. शास्त्रात याला स्कॅबिओसा म्हणतात. आपल्याकडे जी जात हंगामी फूल म्हणून लावतात ती भूमध्यसमुद्राच्या आसपासची. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली तिचे स्कॅबिओसा अॅट्रोपर्प्युरिया असे नामकरण केले. या शब्दाच्या मुळाशी खरूज या रोगाचे लॅटिन नाव आहे, कारण युरोपात पूर्वी या वर्गातील वनस्पती खरजेवर औषध म्हणून वापरीत. इतक्या नाजूक फुलाला खरजेचे नाव चिकटावे हे त्याचे दुर्दैवच म्हणावयाचे. रंग पांढरा, गुलाबी, जांभळा आणि काळपट जांभळा असे अनेक. देठ लांब असल्याने फुलदाणीतही शोभते, आणि मधमाश्या व फुलपाखरे त्यावर नेहमी येतात.

आता मातीकडे वळू. कोणत्याही रोपाला कोणती माती मानवेल हे ठरवावयाचे असेल, तर त्याचे माहेर कसे आहे ते पाहावे. पिनकुशनचे माहेर म्हणजे भूमध्यसमुद्राकाठच्या कोरड्या, उताराच्या, बहुधा चुनखडीच्या जमिनी. त्याची एक बहीण इंग्लंडच्या दक्षिणेकडील खडूच्या टेकड्यांवरच्या गवतात आपोआप उगवते. अशा जागी पाणी पडते आणि निघून जाते. मातीचा थर पातळ, खत बेताचे, आणि चुना मात्र भरपूर. या गोष्टी ध्यानात ठेवल्या म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपे होते. या फुलाला मुळांशी पाणी साचलेले मुळीच खपत नाही. आंबट माती त्याला आवडत नाही. आजच्या भाषेत सांगावयाचे तर मातीचा सामू सातच्या आसपास किंवा किंचित वर असावा. आणि फार सकस माती दिल्यास ते पानांनी माजते, देठ लुळे पडतात व फुले कमी येतात. तिसरी गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण फुलझाड म्हटले की शेणखताची पाटी उपडी करावयाची ही आपल्या घरोघरची रीत आहे.

या कसोटीला ट्रकमधून येणारी काळी माती उतरते काय? आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हारसातून झाला, आणि तो खडक झिजून, कुजून ही काळी माती तयार झाली. तिच्यातील चिकणमातीचे कण इतके बारीक व पापुद्र्यांचे असतात की पाणी मिळताच ते आत शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. चैत्र-वैशाखात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. पावसाळ्यात साठवलेल्या या ओलीवरच आपल्या सोलापूर-नगरकडचा शाळू एखाद्या पाण्याशिवाय उभा राहतो. तेव्हा काळी माती वाईट असे आमच्या तोंडून कोणी ऐकू नये. परंतु जी गोष्ट शाळूला अमृत, तीच पिनकुशनला विष होते. वसतिगृहातील मुली उत्साहाने रोज संध्याकाळी रबरी नळीने पाणी घालणार. काळी माती ते धरून ठेवणार. थंडीत ऊन कमी, वाफसा आठ-आठ दिवस यावयाचा नाही. आणि एके दिवशी रोपे जमिनीलगत काळी पडून मान टाकणार. मग मुलींना वाटेल पाणी कमी पडले, आणि त्या आणखी घालतील.

वाफसा हा शब्द सहज येऊन गेला. पाऊस पडल्यानंतर जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशा स्थितीत येते, मातीच्या कणांमध्ये पाण्याबरोबर हवाही खेळू लागते, त्या स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतो. पाणी आणि हवा यांचा जो मेळ शास्त्रज्ञ पानेच्या पाने लिहून सांगतात, तो या एका शब्दात आहे. शहरात वाढलेल्या आपल्या मुलांना तो शब्द ठाऊक राहिलेला नाही. मूळ श्वास घेते हे त्यांना पुस्तकात शिकवितात. पण चिखलात ते गुदमरते हे हाताने माती चाचपल्याशिवाय उमगत नाही.

हात लावून माती ओळखण्याचे प्रकार सोपे आहेत. मूठभर माती ओली करून तिची शेवयीसारखी वळी करावी. वळी होऊन तिचे न तुटता कडे झाले, तर ती चिकण समजावी. वळीच झाली नाही तर ती रेताड. वळी होते पण कडे करताना तुटते, ती माती या फुलाला पसंत पडते. अधिक नेमके पाहावयाचे असल्यास काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती घालून वर पाणी भरावे, चिमूटभर कपडे धुण्याची पूड टाकून जोराने हलवावे आणि बरणी एका जागी ठेवून द्यावी. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयट्याचा थर काही तासांनी बसतो, चिकणमातीला एक-दोन दिवसही लागतात. तीन थर काचेतून दिसतात, आणि ते फूटपट्टीने मोजता येतात. सहावीच्या मुलांना अपूर्णांक शिकविण्यास यासारखे साधन आम्हांला दुसरे मिळाले नाही.

निचऱ्याची परीक्षा जागेवरच करावी. हातभर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा. ते जिरले की पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी दोन-चार तासांत गेले तर जागा उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्यात आभाळ दिसत असेल तर तेथे हे फूल लावू नये, किंवा वाफा उंच करून लावावे. चुना आहे की नाही हे पाहण्यास कोरड्या मातीवर स्वयंपाकघरातील व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फसफसले तर चुना आहे. आणि ज्यांना नक्की आकडे हवेत त्यांनी मातीपरीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्यावा. केंद्र सरकारने २०१५ साली मृदा आरोग्यपत्रिकेची योजना सुरू केली, तेव्हापासून खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांनाही आपल्या मातीचा सामू कागदावर पाहावयास मिळू लागला. शहरातील सुशिक्षितांना मात्र आपल्या कुंडीतील माती कोठून आली हेही सांगता येत नाही.

ती कोठून येते याविषयी आता बोलणे भाग आहे. हा भाग काहींना अप्रिय वाटण्याचा संभव आहे.

आपल्या ज्ञातीतील एका गृहस्थांची हकीकत त्यांच्या संमतीने, नाव न घेता सांगतो. नदीकाठी त्यांची तीन एकर काळी जमीन होती. वडील, आजोबा त्याच जमिनीवर जगले. पत्नीच्या आजारपणात दवाखान्याचे बिल आवाक्याबाहेर गेले, तेव्हा मातीचा एक ठेकेदार दारी आला. जमीन विकू नका, ती तुमच्याच नावावर राहील, आम्ही फक्त वरची माती नेतो, असे त्याने सांगितले, आणि ब्रासाच्या हिशेबाने रोख पैसे मोजले. यंत्राने आठ दिवसांत चार फूट माती उचलली गेली. त्यातील काही वीटभट्टीला गेली आणि काही शहरातील बंगल्यांच्या बागांना. सातबारा जसाच्या तसा राहिला. पण पहिल्या पावसात शेजाऱ्यांच्या शेतांचे पाणी त्यांच्या खोलगट रानात येऊन साचले, आणि ते आटल्यावर खाली नुसता मुरूम दिसू लागला. पुढल्या वर्षी पेरलेली बाजरी गुडघ्याएवढी होऊन थांबली. पत्नी बरी झाली, त्यामुळे आपण केले ते चुकले असे त्यांना म्हणवत नाही, आणि आम्हांलाही म्हणवत नाही. त्यांचा मुलगा आता ट्रक चालवतो. कोणत्या मालाचा, हे आम्ही विचारले नाही.

बोटभर सुपीक माती तयार होण्यास निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात डोंगरउतारावरील सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाऊ नये यासाठी ताली-बंधारे घालण्याची सूचना आहे. माती वाहून जाण्याची चिंता त्यांनी केली. ती ट्रकमध्ये भरून विकली जाईल हे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाच्या जमिनीचा बारकाईने अभ्यास करून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन जमिनीचे किती बारीक तुकडे पडले, हे त्यांनी गावाच्या नकाशांवरून दाखविले. आज त्या गावात उंच इमारती आहेत, आणि आपल्यापैकी काही कुटुंबे तेथे राहतातही. त्यांच्या गच्चीतील कुंड्यांसाठी माती दुसऱ्या कोणत्या तरी गावाहून विकत येते.

मंडळावर आम्ही दोषारोप करीत नाही. बागेला काळी माती लागते हा समज सार्वत्रिक आहे, आणि ठराव सद्‌हेतूनेच झाला. आमचे म्हणणे एवढेच की वसतिगृहाच्या अंगणात निम्मे साहित्य आधीच पडलेले आहे. पायातून निघालेला मुरूम म्हणजे अर्धवट झिजलेला काळा खडकच; तो पाणी सोडतो, आणि आम्ही केलेल्या परीक्षेत व्हिनेगरने फसफसलाही. विटांचे तुकडे हरभऱ्याएवढे फोडून घेतले तर ते माती भुसभुशीत ठेवतात, म्हणजे नदीची वाळू आणावयास नको. सिमेंटची ढेकळे मात्र चाळून वेगळी काढली पाहिजेत. जुन्या घरांच्या चुन्याच्या गिलाव्याला हे फूल भीत नाही, पण सिमेंटचा मारा अतिरेकी असतो. त्याने सामू फार वाढतो, लोह मुळांना मिळेनासे होते आणि पाने शिरांच्या मध्ये पिवळी पडतात.

राहिला प्रश्न कसाचा. अंगणात एक पिंपळ व दोन कडुनिंब आहेत, आणि त्यांचा पाचोळा पहारेकरी दरवर्षी झाडून जाळतो. तो जाळणे प्रथम बंद व्हावे. आज मे महिना आहे; पाचोळ्याचा ढीग करून त्यावर शेणकाला शिंपडला आणि पावसाळाभर अधूनमधून वरखाली केला, तर घटस्थापनेपर्यंत तो बराचसा कुजतो. मग सहा घमेली चाळलेला मुरूम, दोन घमेली वीटतुकडा, तीन घमेली कुजलेला पाचोळा आणि एक घमेले जुने, वास गेलेले शेणखत असे मिश्रण करावे. ओल धरण्यापुरती थोडी काळी माती हवी. ती जुन्या वसतिगृहामागे फुटक्या कुंड्यांत वर्षानुवर्षे पडून आहे, तिची दोन घमेली यात मिळवावीत. या मिश्रणाचा वीतभर उंच गादीवाफा करावा. उशीच्या फुलाला गादीचा वाफा, हा योग जुळून आला आहे खरा! बी वाफ्यातच टाकलेले बरे, कारण याचे सोटमूळ खोल जाते आणि मोठे रोप उपटून लावलेले त्याला सोसत नाही. नवरात्राच्या सुमारास पेरले तर जानेवारीत फुले येतात, आणि वाळलेली फुले वेळेवर खुडली तर ऊन तापेपर्यंत येत राहतात.

ज्यांची घरे इतरत्र आहेत त्यांच्यासाठी थोडेसे. कोकणातील व गोव्यातील मंडळींची जांभ्याची तांबडी माती निचऱ्याला उत्तम, पण अतोनात पावसाने तिच्यातील चुना धुऊन गेलेला असतो आणि ती आंबट होते. तिच्यात शिंपल्यांचा चुना बेताने मिसळावा, किंवा चुलीची राख घालावी. विदर्भ-मराठवाड्यातील भारी काळ्या जमिनीत उंच वाफ्याशिवाय हे फूल लावू नये. धरणा-तलावांतून काढलेला गाळ अलीकडे शेतात पसरतात. हलक्या रानाला तो वरदान आहे, पण या फुलाच्या कामाचा नाही, कारण तोही चिकणच असतो.

सदनिकांत राहणाऱ्यांचा प्रश्न कुंडीचा. कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर घातला म्हणजे निचरा होतो, असे बहुतेक सर्व माळी सांगतात. त्यात तथ्य नाही. बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहजासहजी उतरत नाही. ते सीमेवर अडते, आणि मुळांना मिळणारी जागा तेवढी कमी होते. भोकावर एक खापरी माती सांडू नये म्हणून पुरे, आणि मिश्रण वरपासून खालपर्यंत सारखे असावे. कोकोपीटच्या विटा बाजारात मिळतात. त्या पाणी फार धरतात, म्हणून या फुलासाठी थोड्याच वापराव्यात.

आणखी एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. आपल्या एका भगिनीने परदेशी असलेल्या मुलाकडून आलेले नारिंगी रंगाच्या पिनकुशन फुलांचे छायाचित्र आम्हांस दाखवून, हेच ना ते फूल, असे विचारले. ते हे नव्हे. ते दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताचे ल्युकोस्पर्मम नावाचे झुडूप. आपल्या चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात त्या सिल्व्हर ओकच्या कुळातले ते आहे. नाव एक, पण मातीची आवड नेमकी उलट. त्याला आंबट, रेताड, अगदी निकस माती लागते. अशा जमिनीत स्फुरद इतके कमी असते की ते वेचून घेण्यासाठी त्याने झुबक्यांची खास मुळे तयार केली आहेत; म्हणून हाडांचा चुरा किंवा सुपरफॉस्फेट घातले तर ते पोसण्याऐवजी मरते. शिवाय केपमध्ये पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. आपल्याकडे पाऊस उन्हाळ्याच्या पाठोपाठ, उकाड्यात. आपल्या चुनखडीच्या मातीत त्याचा संसार व्हावयाचा नाही. बी मागविताना पाकिटावरचे शास्त्रीय नाव वाचून घ्यावे, नाहीतर स्कॅबिओसाची माती करून ल्युकोस्पर्ममचे बी पेरल्यास माती, बी व मेहनत ही तिन्ही वाया जातील.

काळ्या मातीसाठी मंजूर झालेली रक्कम वसतिगृहाच्या वाचनालयाकडे वळवावी, अशी सूचना आम्ही अध्यक्षांकडे लेखी दिली आहे. तिचा विचार मंडळ यथावकाश करील. मुरूम चाळण्याचे काम येत्या रविवारी सकाळी सात वाजता वसतिगृहाच्या अंगणात सुरू होईल. दोन चाळण्या आणि चार घमेली आमच्याकडे आहेत. फावडी ज्यांच्या घरी असतील त्यांनी आणावीत. घरच्या मातीची परीक्षा करून घ्यावयाची असेल त्यांनी काचेच्या बरणीत मूठभर कोरडी माती आणावी आणि बरणीवर घराचे गाव लिहावे.